ताय ची, पावली आणि उतारवयातली स्मरणशक्ती

ताय ची या चिनी व्यायामामुळे उतारवयात मेंदूची घसरण मंदावते का, यावर गेली पंधरा-वीस वर्षे पद्धतशीर प्रयोग चालू आहेत. आजवरचे उत्तर ‘बऱ्याच अंशी होय, पण अटींसह’ असे आहे. या अटी समजून घेतल्या तर गंगाखेडसारख्या तालुक्याच्या गावालाही या संशोधनाचा उपयोग होतो. ताय ची शिकवणारा माणूस परभणी जिल्ह्यात मिळणे कठीणच. पण या व्यायामात मेंदूला जे काही लाभते, त्यातले बरेचसे गोदाकाठच्या या गावाला पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचे आहे.

आधी घसरण म्हणजे काय ते पाहू. वय वाढले की विचारांचा वेग कमी होतो, नावे जिभेवर येऊन अडतात. यात आजार काही नसतो. मात्र चाळीस वर्षे हातखंडा असलेली पुरणपोळी करताना पुढची पायरी न सुचणे, बाजारात सुट्या पैशांचा हिशेब न लागणे, तीच गोष्ट तासाभरात चारदा विचारणे, रोजच्या वाटेवर घराचे वळण चुकणे, ही लक्षणे वेगळी आहेत. घसरण वयापेक्षा जास्त असली, पण माणूस आपले रोजचे व्यवहार स्वतः करू शकत असला, तर डॉक्टर तिला ‘माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट’ म्हणतात. सौम्य विस्मरणाची ही अवस्था. त्यातले काही लोक पुढे डिमेन्शियाकडे, म्हणजे स्मृतिभ्रंशाकडे सरकतात, काही वर्षानुवर्षे तिथेच राहतात, तर काही चक्क सुधारतात. व्यायामाचा उपयोग होतो तो मुख्यतः याच टप्प्यावर आणि त्याच्या आधी.

आपल्याकडे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय संपवण्याची सवय आहे. घरातली म्हातारी माणसे विसरू लागली की ‘आता वय झालं’ एवढ्यावर बोळवण होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘लासी-दाद’ या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असावा. ही संख्या जवळजवळ ८८ लाख होते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरांपेक्षा खेड्यांत आणि शिकलेल्यांपेक्षा शाळेचे तोंड न पाहिलेल्यांत हे प्रमाण जास्त आढळले. मराठवाड्यातल्या खेड्यात राहणारी, निरक्षर, सत्तरीतली बाई या तिन्ही गटांत एकाच वेळी मोडते. मेंदूच्या आरोग्यावरची बहुतेक चर्चा मात्र पुण्या-मुंबईतल्या निवृत्त, शिकल्या-सवरल्या माणसांना समोर ठेवून होते.

ताय चीचा उगम चीनच्या हेनान प्रांतातल्या चेनजियागोऊ या खेड्यात सतराव्या शतकात झाला असे मानतात. मुळात ती लढण्याची कला. पुढे तिच्या यांग, वू, सुन अशा शाखा झाल्या. १९५६ मध्ये चिनी क्रीडा विभागाने यांग शाखेतल्या हालचाली निवडून २४ टप्प्यांचा सोपा क्रम बसवला, आणि सकाळी बागेत जमणाऱ्या सामान्य माणसांचा तो व्यायाम झाला. हा क्रम एकदा पुरा करायला पाच-सहा मिनिटे पुरतात. २०२० मध्ये युनेस्कोने ताय चीला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. संशोधनात वापरला जातो तो बहुतेक वेळा हाच २४ टप्प्यांचा क्रम किंवा त्याहून आखूड केलेला.

त्यातली ‘ढगांसारखे हात’ ही एक हालचाल जवळून पाहण्यासारखी आहे. गुडघे किंचित वाकवून उभे राहायचे. अंगाचा भार उजव्या पायावर घेत कंबर उजवीकडे वळवायची. त्याच वेळी उजवा हात चेहऱ्यासमोरून सावकाश उजवीकडे सरकतो आणि डावा पोटासमोरून त्याच्या मागे येतो. नजर वरच्या हातावर. मग भार डाव्या पायावर, कंबर डावीकडे, आणि हातांची अदलाबदल: खालचा वर, वरचा खाली. एक पाऊल बाजूला, की पुन्हा तेच. बघणाऱ्याला यात व्यायाम तो काय, असे वाटते. पण सुरुवातीला करणाऱ्याचा हात बरोबर जातो तेव्हा पाय चुकतो, पाय जमला की श्वास अडकतो. भार कोणत्या पायावर आहे याचे भान एक क्षणही सोडता येत नाही. तेही न थांबता, न घाई करता. अशा दोन डझन हालचालींचा क्रम पाठ करायचा असतो, आणि मेंदूची खरी कसरत या पाठ करण्यात आणि भान राखण्यात आहे.

संशोधनात सर्वांत बोलका प्रयोग शांघायचा. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात स्मृतिभ्रंश नसलेल्या १२० वृद्धांचे चार गट केले होते. एकाने ताय ची केली, दुसरा नुसता चालला, तिसरा ठरलेल्या ठिकाणी जमून मनमोकळ्या गप्पा मारत बसला, चौथ्याने काहीच केले नाही. चाळीस आठवड्यांनी मेंदूचे एमआरआय पाहिले तेव्हा ताय ची गटात मेंदूचे आकारमान थोडे वाढलेले दिसले आणि काही मानसिक चाचण्यांतही सुधारणा होती. आकारमानातली वाढ गप्पांच्या गटातही आढळली. चालणाऱ्यांत ती नव्हती. पारावरच्या बैठकीला रिकामटेकडेपणा म्हणणाऱ्यांनी या निष्कर्षाची नोंद घ्यायला हरकत नाही. अर्थात, एवढ्यावरून चालणे निरुपयोगी ठरत नाही. २०११ च्या एका अमेरिकन प्रयोगात १२० वृद्धांपैकी वर्षभर भरभर चालणाऱ्यांच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी घडवणारा भाग, सुमारे दोन टक्क्यांनी वाढला होता. शांघायच्या मंडळींचे चालणे तितके जोरकस नसावे.

हाँगकाँगमध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका असलेल्या ३८९ वृद्धांवर वर्षभराचा प्रयोग झाला. एका गटाला २४ टप्प्यांची ताय ची, दुसऱ्याला अंग ताणण्याचे साधे व्यायाम. ज्यांनी ताय ची शेवटपर्यंत केली त्यांच्यात स्मृतिभ्रंशाकडे सरकणारे कमी निघाले. पण ताय ची गटातल्या जवळपास निम्म्या लोकांनी वर्ष पुरे व्हायच्या आतच ती सोडली. जे टिकले ते मुळातच जास्त धडधाकट आणि चिकाटीचे असणार, त्यामुळे हा आकडा जपूनच वाचावा लागतो. अवघड क्रम शिकणे मेंदूला चांगले खरे, पण तो इतका अवघड नसावा की माणूस दुसऱ्या महिन्यात घरी बसेल.

२०२३ मध्ये दोन मोठे प्रयोग प्रसिद्ध झाले. चीनमधल्या पहिल्या प्रयोगात मधुमेह आणि सौम्य विस्मरण दोन्ही असलेले साठीपुढचे ३२८ लोक होते. छत्तीस आठवड्यांनंतर ताय ची करणाऱ्यांचे गुण भरभर चालणाऱ्यांपेक्षा थोडे चांगले आले. फरक लहान होता, पण घरोघरी मधुमेह असलेल्या आपल्या समाजाला तो महत्त्वाचा आहे. दुसरा अमेरिकेतल्या ओरेगनच्या संशोधकांचा. त्यांनी ३१८ वृद्धांना व्हिडिओ कॉलवरून आठवड्यात दोनदा, तासभर, चोवीस आठवडे शिकवले. एका गटाला नेहमीची ताय ची, दुसऱ्याला ताय ची करता करता डोक्याला कामही: हालचालींचा क्रम तोंडाने सांगणे, शब्दांची अक्षरे सुलट आणि उलट म्हणणे. तिसऱ्या गटाला फक्त अंग ताणणे. तीस गुणांच्या स्मरण-आकलन चाचणीत डोक्याला काम दिलेला गट ताणणाऱ्यांपेक्षा सरासरी २.८ गुणांनी आणि नेहमीच्या ताय ची गटापेक्षा सुमारे दीड गुणाने पुढे गेला. चालता-बोलता दोन कामे एकदम करण्याची क्षमताही त्याच गटात जास्त सुधारली. एकाच वेळी अंगाला आणि डोक्याला कामाला लावण्याचा फायदा या प्रयोगाइतका स्वच्छ क्वचितच दिसला आहे.

हे का घडते, याची कारणे अनेक आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. व्यायामाने मेंदूतला रक्तपुरवठा सुधारतो, रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहायला मदत होते, मेंदूतल्या पेशींना पोसणारी काही प्रथिने वाढतात. क्रम लक्षात ठेवताना आणि लक्ष एका ठिकाणी धरताना मेंदूचा पुढचा भाग कामाला लागतो. वय वाढताना तोच आधी थकतो. सावकाश श्वासाने मनावरचा ताण उतरतो आणि झोप सुधारते. शिवाय चार माणसांत उठणे-बसणे घडते. यातला कोणता घटक किती वाटा उचलतो हे वेगळे काढणे अवघड आहे, आणि व्यवहारात ते काढायची गरजही नाही.

एक फायदा मात्र स्मरणशक्तीपेक्षाही पक्का आहे. ताय चीने पडणे कमी होते. सत्तरी ओलांडलेल्या ६७० लोकांवरच्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ताय ची करणाऱ्यांचे पडण्याचे प्रमाण नुसते अंग ताणणाऱ्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी कमी होते. उतारवयात खुबा मोडला, माणूस दोन महिने खाटेवर पडला आणि त्यानंतर त्याचे भान हरपत गेले, ही हकिगत गावोगावी ऐकू येते. न पडणे हेही मेंदूचेच रक्षण आहे.

आता गंगाखेडकडे वळू. गोदावरीच्या काठी वसलेले हे गाव संत जनाबाईंचे जन्मस्थान. त्यांचे मंदिर इथे आहे, आणि शेगावहून पंढरपूरला निघणारी गजानन महाराजांची पालखी परभणीनंतर गंगाखेडवरूनच परळी-अंबाजोगाईकडे जाते. भजनी मंडळे, हरिनाम सप्ताह, काकडा हे इथल्या वर्षाचे नेहमीचे टप्पे. त्यात जी पावली खेळली जाते ती ताय चीची जवळची नातलग म्हणावी अशी आहे.

टाळकरी दोन ओळींत समोरासमोर उभे राहतात; मध्ये विणेकरी आणि मृदंगी. संथ लयीत पावले पुढे पडतात, तशीच मागे येतात, अंग किंचित झुकते आणि सावरते, ठरलेल्या ठेक्यावर टाळ वर जातात, कधी अर्धी गिरकी होते. तोंडाने अभंग चालूच. पायांचा हिशेब, टाळाचा ठेका, अभंगाचे पुढचे चरण आणि शेजाऱ्याशी जुळवून घेणे ही चार कामे एकदम चालतात, आणि एकाचे पाऊल चुकले की ओळ अडखळते. ओरेगनच्या संशोधकांनी मुद्दाम रचलेली जोडकामे इथे आपोआप होतात. लिहिता-वाचता येण्याची अटही नाही, कारण अभंग ऐकूनच पाठ झालेले असतात. हा मुद्दा मोठा आहे: अक्षरे उलट म्हणायला लावणारा व्यायाम निरक्षर आजीला काय कामाचा? तिला चैत्रापासून फाल्गुनापर्यंतचे महिने उलटे म्हणायला सांगितले, तर तेच काम होते.

मात्र फरकही सांगितला पाहिजे. ताय चीमागे जशा नियंत्रित चाचण्या उभ्या आहेत, तशा पावलीमागे नाहीत. नृत्याबद्दल काही पुरावा मिळतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या पंच्याहत्तरीपुढच्या ४६९ लोकांच्या निरीक्षणातून भारतीय वंशाचे डॉक्टर जो वर्गीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले, की शारीरिक हालचालींपैकी केवळ नृत्याचा संबंध स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी लागतो. वाचन, पटावरचे खेळ आणि वाद्य वाजवणे यांचाही लागला. टाळ-मृदंग, सोंगट्या आणि पोथीचे पारायण करणाऱ्यांना यात आपली ओळख पटेल. पण हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. ज्यांचा मेंदू आधीच शाबूत तेच नाचत असतील, ही शक्यता त्यात उरते. दुसरा फरक लयीचा. पावली ठायीतून सुरू होऊन द्रुत लयीत उड्यांपर्यंत जाते. गुडघे झिजलेल्या, रक्तदाब असलेल्या माणसाने पहिल्या संथ भागातच राहावे. पुढचे तरुणांसाठी सोडून द्यावे.

दुसरी जवळची वाट योगाची. ती महाराष्ट्राच्या तर घरचीच आहे: लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करून आसन-प्राणायामाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. उतारवयातल्या स्मरणशक्तीबाबत बंगळूरच्या निमहान्समधल्या संशोधकांनी वृद्धाश्रमांतल्या रहिवाशांना सहा महिने योग शिकवून पाहिला, तेव्हा स्मरण आणि एकाग्रतेच्या काही चाचण्यांत सुधारणा आढळली. फक्त नेहमीच्या योगवर्गात एक उणीव राहते. आसने सुटी सुटी, बसून किंवा झोपून होतात. उभ्याने, चालत्या पायांनी तोल राखण्याचा सराव कमी पडतो. ताडासन, वृक्षासन भिंतीचा आधार घेऊन, आणि खुर्ची धरून केलेला सूर्यनमस्काराचा सोपा क्रम यांनी ती उणीव काहीशी भरून निघते.

गावात असा गट सुरू करायचा झाला तर फार काही लागत नाही. सपाट, न घसरणारी जागा. मंदिराचा सभामंडप, शाळेचे पटांगण किंवा ज्येष्ठ नागरिकांचे विरंगुळा केंद्र. ओला घाट मुळीच नको. परभणीकडचा उन्हाळा चाळिशीच्या वर सहज जातो, म्हणून चैत्र-वैशाखात सूर्य वर यायच्या आत. थंडीत मात्र कोवळे ऊन अंगावर घेत. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी पाऊण ते एक तास, निदान सहा महिने. बहुतेक यशस्वी प्रयोगांचे माप साधारण एवढेच आहे. पहिल्या महिन्यात तीन-चार हालचालींपेक्षा जास्त शिकवू नये. चोवीस टप्प्यांच्या हट्टापायीच हाँगकाँगच्या लोकांचा निम्मा वर्ग रिकामा झाला असणे अशक्य नाही. ज्यांचा तोल जातो त्यांच्यासमोर खुर्ची ठेवावी. लुगड्याचा घोळ किंवा धोतराचा सोगा पायात येणार नाही असा खोचून घ्यावा, आणि चपला गुळगुळीत असतील तर त्या बाजूला काढाव्यात. क्रम येऊ लागला की त्याला पाठांतराची जोड द्यावी: ओव्या, पाढे, नातवंडांची नावे वयाच्या क्रमाने. संघटना लागलीच, तर १९८० पासून काम करणाऱ्या ‘फेस्कॉम’ या महासंघाशी जोडलेले ज्येष्ठ नागरिक संघ राज्यभर आहेत. आयुष्मान आरोग्य मंदिरांतही योगसत्रे घेण्याची योजना आहेच.

बायकांचा प्रश्न वेगळा सांगावा लागतो. धोका त्यांना जास्त, पण सकाळची वेळ चूल, जनावरे आणि नातवंडे यांत जाते. त्यांच्यासाठी दुपारी भजनी मंडळ जमते, तीच वेळ सोयीची. भजनाआधी अर्धा तास उभ्याने संथ पावली, एवढा बदल घरातही खपतो. व्यायामाला चालले म्हटले की हसणारे लोक भजनाला चालले म्हटल्यावर हसत नाहीत.

व्यायामाची मर्यादाही स्पष्ट हवी. ताय ची, योग किंवा पावली यांनी अल्झायमर बरा होत नाही. प्रयोग मुख्यतः सौम्य अवस्थेतल्या लोकांवर झाले, आणि ते महिन्यांचे, फार तर वर्षाचे. दहा वर्षांनी काय होते हे त्यातून कळत नाही. शिवाय व्यायाम हा अनेक उपायांपैकी एक आहे. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणे मोजली. ती सगळी दूर झाली तर जगातली जवळपास ४५ टक्के प्रकरणे टळतील किंवा लांबतील असा त्याचा अंदाज आहे. कमी शिक्षण, बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, नैराश्य, एकटेपणा, डोक्याला मार, घाण हवा आणि उपचार न झालेला दृष्टिदोष ही त्यातली काही. मोतीबिंदू काढून न घेता, ऐकू येत नसताना यंत्र न लावता नुसती ताय ची करत राहणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरणे आहे.

आणि प्रत्येक विस्मरण म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्यांचा अतिरेक यांमुळेही माणूस विसरू लागतो, आणि ते उपचारांनी सुधारते. महिनोन्‌महिने हळूहळू वाढलेले विस्मरण आणि दोन दिवसांत अचानक आलेली भ्रमिष्टावस्था यांतही फरक आहे. दुसरी बहुधा जंतुसंसर्ग, शरीरातले पाणी किंवा क्षार कमी होणे यांमुळे येते आणि तिला त्याच दिवशी डॉक्टर लागतो.

गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या, म्हणजे आशाताई, घरी येऊन जो तपासणीचा फॉर्म भरतात, त्यात साठीपुढच्यांसाठी काही खास प्रश्न आहेत. उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का, रोजच्या कामांना दुसऱ्याची मदत लागते का, आणि जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरायला होते का, असे त्यात विचारलेले असते. घरातली माणसे संकोचाने ‘नाही, नाही, सगळं ठीक आहे’ म्हणून मोकळी होतात. तिथे खरे उत्तर द्यावे आणि ‘हो’ असेल तर गंगाखेडच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा परभणीला जाऊन तपासून घ्यावे. कुठे जायचे हेच कळत नसेल, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीची ‘एल्डरलाइन’ ही मोफत राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर आहे.